तेहतिसाव्या वर्षी मुलांच्या बाकावर

चर्चमध्ये एखादी नवी जबाबदारी द्यायची वेळ आली की आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. मिस्सामध्ये वाचन करायला सांगितले तर आपला आवाज चांगला नाही. समूहाचे नेतृत्व करायला सांगितले तर आपले शिक्षण कमी. नोकरी गेली आणि नवे काम शिकायची वेळ आली तर आता आपले वय झाले. यातली काही उत्तरे आळसापोटी येतात, हे खरे आहे. पण सगळीच तशी नसतात. स्वतःविषयीची शंका माणसाला आतून पोखरत असते आणि पुष्कळदा ती नम्रतेचे कपडे घालून येते. त्यामुळे ती शंका आहे हे आपल्यालाही कळत नाही.

दरवर्षी ३१ जुलैला आपण संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करतो. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचे चित्र पाहिले की वाटते, या माणसाला स्वतःविषयी कधी शंका आलीच नसेल. प्रत्यक्षात तिशीच्या उंबरठ्यावर त्यांचा पेशा गेला. त्यानंतर मनातल्या शंकेने त्यांना जीव द्यायच्या टोकापर्यंत नेले. तेहतिसाव्या वर्षी ते शाळकरी मुलांबरोबर लॅटिनचे धडे गिरवायला बसले. आणि पन्नाशीला टेकले असताना सोबत्यांनी प्रमुखपद पुढे केले, तेव्हा त्यांनी ते दोनदा नाकारले. अशा माणसाने एवढा मोठा संघ कसा उभा केला, हे आज आपण थोडे सविस्तर पाहू या.

दरबारातला तरुण

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात अझपेतिया नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ लोयोला घराण्याचा वाडा होता. तिथे १४९१ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. तेरा भावंडांत ते शेंडेफळ. आई लवकर गेली, आणि गावातल्या लोहाराच्या बायकोने त्यांना दूध पाजून वाढवले.

पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांना आरेवालो येथे राजाचे खजिनदार हुआन वेलास्केझ यांच्या घरी पाठवण्यात आले. तलवार चालवणे, घोड्यावर बसणे, वळणदार अक्षर काढणे आणि मोठ्या लोकांत वावरणे हे सारे ते तिथे शिकले. जुगार आणि मारामाऱ्या यांतही ते मागे नव्हते. १५१५ साली एका रात्रीच्या मारामारीवरून त्यांच्यावर खटलाही झाला होता.

पुढे खजिनदारांवर राजाची मर्जी राहिली नाही आणि १५१७ साली त्यांचे निधन झाले. इनिगोंच्या डोक्यावरचे छत्र गेले. त्यांनी मग नावार्रा प्रांताचे राजप्रतिनिधी असलेल्या नाहेराच्या सरदारांकडे चाकरी धरली. मानमरातब मिळवायचा आणि नाव कमवायचे, एवढेच त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

एक तोफगोळा

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोना शहराच्या किल्ल्याला फ्रेंच फौजेने वेढा घातला होता. शत्रू कितीतरी मोठा होता. किल्ला सोडून द्यावा असे बाकीच्यांचे मत होते. इनिगोंनी हट्टाने सर्वांना लढायला लावले. तेवढ्यात एक तोफगोळा त्यांच्या पायांवर येऊन आदळला. एका पायाच्या हाडाचा चुरा झाला आणि दुसराही जखमी झाला. ते कोसळताच किल्ला पडला.

फ्रेंचांनी त्यांना चांगली वागणूक दिली आणि डोलीत घालून लोयोलाला पोहोचवले. हाड नीट बसले नव्हते म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. ते मरणाच्या दारात जाऊन परतले. बरे झाल्यावर पाहतात तर गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिलेला आणि पाय आखूड झालेला. दरबारी बूट त्यावर शोभणार नव्हते. तेवढ्यासाठी त्यांनी तो उंचवटा करवतीने कापून घेतला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. एवढे सोसूनही पाय थोडा आखूड राहिलाच, आणि ते जन्मभर किंचित लंगडत चालले.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना शूरवीरांच्या कादंबऱ्या वाचायच्या होत्या. वाड्यात एकही नव्हती. त्यांच्या वहिनी मग्दालेना यांनी त्यांना दोन पुस्तके दिली, एक प्रभू येशूचे चरित्र आणि दुसरे संतांच्या जीवनकथांचे. दुसरे काही नाही म्हणून त्यांनी ती हाती घेतली.

वाचता वाचता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी आपण काय काय पराक्रम करू, याची स्वप्ने ते तासन्‌तास रंगवत. ती रंगवताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. उलट संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी केले ते आपण का करू नये, असा विचार आला की त्याचा आनंद नंतरही टिकून राही. म्हणजे मनात येणारा प्रत्येक विचार सारखा नसतो, आणि तो आपल्याला कुठे नेऊन सोडतो यावरून तो ओळखता येतो. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे केले, त्याची सुरुवात या साध्या निरीक्षणात आहे.

मनरेसातला अंधार

मार्च १५२२ मध्ये ते मोन्सेरातच्या मठात गेले. तिथे तीन दिवस बसून त्यांनी साऱ्या आयुष्याची पापे लिहून काढली आणि धर्मगुरूंपुढे पापनिवेदन केले. आपले उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, गोणपाटाचा झगा अंगात घातला आणि तलवार पवित्र मरीयामातेच्या वेदीपाशी ठेवून दिली. पण त्या भिकाऱ्याला लोकांनी चोर समजून पकडले. आपल्या दानामुळे गरिबाला त्रास झाला हे कळल्यावर इनिगोंच्या डोळ्यांत पाणी आले.

जवळच्या मनरेसा गावी ते थोडे दिवस राहणार होते, पण राहिले जवळजवळ अकरा महिने. ते भिक्षा मागत, केस आणि नखे वाढू देत आणि कितीतरी तास प्रार्थना करत. पहिले काही महिने आनंदात गेले. मग एके दिवशी मनात विचार आला, की अजून पुष्कळ वर्षे जगायचे आहे, एवढी वर्षे हे असले जिणे आपल्याला झेपणार कसे? तो विचार त्यांनी परतवून लावला. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा आला आणि तो जास्त घातक होता. मोन्सेरातला आपण सगळी पापे सांगितली होती ना? काही राहिले तर नाही?

त्यांनी पुन्हा पापनिवेदन केले. शंका गेली नाही. पुन्हा केले. मग आणखी बारीकसारीक गोष्टी आठवू लागल्या. हे चक्र कित्येक महिने चालले. ज्या डॉमिनिकन मठात ते राहत होते, तिथल्या त्यांच्या खोलीत एक मोठे भोक होते. त्यातून स्वतःला खाली लोटून द्यावे असा मोह त्यांना वारंवार होऊ लागला. देवाविरुद्ध असे काही करणार नाही, असे ते मोठ्याने ओरडून म्हणत. शेवटी देव सोडवीपर्यंत अन्नाचा कण घ्यायचा नाही, असे ठरवून त्यांनी एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत उपवास केला. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना हे समजले, तेव्हा त्यांनी उपवास सोडायची आज्ञा केली. इनिगोंनी ती पाळली.

दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी शंका परतली. तेव्हा लोयोलाच्या अंथरुणावर शिकलेली गोष्ट त्यांच्या कामी आली. हा विचार आपल्याला कुठे नेत आहे, हे त्यांनी पाहिले. तो त्यांना देवाजवळ नेत नव्हता. त्या साऱ्या जीवनाचाच वीट येईल, अशा ठिकाणी तो त्यांना ढकलत होता. बोलत होता तो पवित्रतेची भाषा, पण त्याचे फळ कडू होते. त्याच दिवशी त्यांनी निश्चय केला, की कबूल केलेली जुनी पापे आता पुन्हा उकरायची नाहीत. आणि ते मोकळे झाले.

बंधुभगिनींनो, या ठिकाणी आपण थोडे थांबले पाहिजे. ज्यांना आपण संत म्हणून हाक मारतो, त्यांच्याही मनात जीव संपवण्याचे विचार आले होते. ते दुबळे होते म्हणून नव्हे. असे विचार कोणाच्याही घरात येऊ शकतात. त्यांनी ते एकट्याने पोटात ठेवले नाहीत, दुसऱ्याला सांगितले आणि त्याचे ऐकले. आपल्या घरात कोणी असे बोलत असेल तर त्याला रागावू नये. त्याच्याजवळ बसावे आणि त्याला डॉक्टरांकडे, धर्मगुरूंकडे किंवा जाणत्या माणसाकडे घेऊन जावे.

मनरेसातल्या या अनुभवांतूनच त्यांच्या आध्यात्मिक साधना या पुस्तकाची बीजे पडली. आजही तपसाधनेला जाणाऱ्यांना त्यातला एक नियम शिकवतात. मन उदास असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये, हा तो नियम. तो कुठल्या अंधारात सापडला होता, हे आता आपल्या लक्षात येईल.

मुलांच्या बाकावर

सप्टेंबर १५२३ मध्ये ते जेरुसलेमला पोहोचले. जन्मभर तिथेच राहायचे असे त्यांनी मनाशी ठरवले होते. पण पवित्र स्थळांची देखभाल करणाऱ्या फ्रान्सिस्कन प्रमुखांनी परवानगी दिली नाही, कारण यात्रेकरूंना पळवून नेण्याचे आणि ठार मारण्याचे प्रकार तिथे घडत होते. इनिगो परत फिरले. शिपाईगिरी गेली होती, आता जेरुसलेमही गेले. पुढे काय करायचे, याचा ते परतीच्या वाटेवर विचार करत राहिले. लोकांच्या आत्म्यांना मदत करायची तर शिकले पाहिजे, असे त्यांना वाटले. आणि त्या काळी शिकायचे म्हणजे आधी लॅटिन.

१५२४ साली ते बार्सिलोनाला आले. हेरोनिमो आर्देवोल नावाच्या शिक्षकांनी त्यांना फुकट शिकवायचे कबूल केले. इसाबेल रोसर या सधन बाईंनी खर्चाचा भार उचलला. तेहतीस वर्षांचा, लंगडणारा, एके काळी तलवार मिरवणारा हा माणूस लहान मुलांबरोबर क्रियापदांची रूपे पाठ करू लागला.

रूपे काही पाठ होईनात. पुस्तक उघडले की मनात देवाविषयीचे सुंदर विचार दाटून येत आणि व्याकरण बाजूला पडे. कोणालाही हे विचार पवित्रच वाटले असते. पण इनिगोंच्या ध्यानात आले, की प्रार्थनेला बसल्यावर किंवा मिस्सामध्ये हे विचार एवढ्या जोराने येत नाहीत, नेमके अभ्यासाच्या वेळी येतात. म्हणजे कठीण कामातून पळून जायची ही वाट होती. त्यांनी शिक्षकांना सांता मरीया देल मार या चर्चमध्ये नेले आणि जे होत होते ते सगळे त्यांना सांगितले. बार्सिलोनात भाकरी आणि पाणी मिळेल तोवर पुढची दोन वर्षे एकही पाठ लक्ष दिल्यावाचून जाऊ देणार नाही, असे त्यांनी वचन दिले. तो त्रास त्यानंतर थांबला.

पुढची वाटही सरळ नव्हती. १५२६ साली आल्काला विद्यापीठात त्यांनी तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान आणि ईशज्ञान हे सगळे एकदम शिकायला घेतले. परिणामी एकही विषय नीट पदरात पडला नाही. शिवाय पदवी नसलेला साधा प्रापंचिक लोकांना धर्म शिकवतो म्हणून संशय आला आणि त्यांना बेचाळीस दिवस तुरुंगात काढावे लागले. सालामांका येथे आणखी बावीस दिवस साखळदंडात गेले. त्यांच्या शिकवणुकीत चूक सापडली नाही, पण आणखी शिकल्याशिवाय कोणते पाप मोठे आणि कोणते लहान हे लोकांना सांगू नये, असा हुकूम झाला. त्यांनी मनाशी कबूल केले की आपला पाया कच्चा आहे. गाढवावर पुस्तके लादली आणि ते एकटेच पायी पॅरिसला निघाले. २ फेब्रुवारी १५२८ रोजी तिथे पोहोचल्यावर त्यांनी लॅटिन पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, तेही लहान मुलांबरोबरच.

पॅरिसमध्ये त्यांनी आपले पैसे एका स्पॅनिश सोबत्याकडे ठेवायला दिले, आणि त्याने ते खर्चून टाकले. इनिगोंवर भीक मागायची पाळी आली. राहायला जागा मिळाली ती दूरच्या धर्मशाळेत, त्यामुळे सकाळचे वर्ग चुकू लागले. पुढे तो सोबती रुआँ शहरात आजारी पडल्याचे कळले. इनिगो अनवाणी आणि उपाशीपोटी चालत त्याच्याकडे गेले, त्याची शुश्रूषा केली आणि त्याच्या प्रवासाची सोय लावून दिली. हाताखाली एकही माणूस नसताना ते कसे वागत होते, हे इथे दिसते.

एका खोलीतले तिघे

१५२९ साली ते सेंट बार्ब महाविद्यालयात आले. खोलीत दोन विद्यार्थी आधीच होते. पीटर फेबर हे सव्हॉय प्रांतातल्या मेंढपाळाचे पुत्र, आणि दुसरे नावार्राचे फ्रान्सिस झेवियर. दोघेही इनिगोंपेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी लहान.

इनिगोंना ॲरिस्टॉटल समजावून देण्याचे काम फेबर यांच्याकडे आले. शिकवणारा तेवीस वर्षांचा आणि शिकणारा अडतीसचा. पण फेबर यांना मनरेसातल्यासारख्याच शंकांनी घेरले होते. तेव्हा एकाने तत्त्वज्ञान शिकवले आणि दुसऱ्याने मनःशांतीची वाट दाखवली. इनिगोंनी घाई केली नाही. पूर्ण साधना त्यांनी फेबर यांना तब्बल चार वर्षांनी, १५३४ साली दिली.

फ्रान्सिस झेवियर यांना मोठे व्हायचे होते आणि या लंगड्या विद्यार्थ्याची ते थट्टा करत. इनिगोंनी उपदेश केला नाही. फ्रान्सिस शिकवू लागले तेव्हा त्यांच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले आणि अडचणीत पैशांची मदत केली. मन वळायला काही वर्षे लागली, पण ते वळले.

त्या महाविद्यालयाचे प्रमुख दियोगो द गूव्हेया हे आधी इनिगोंवर इतके चिडले होते की त्यांनी त्यांना सर्वांसमक्ष फटके द्यायचे ठरवले होते. ती शिक्षा टळली. १५३८ साली याच गूव्हेयांनी पोर्तुगालच्या राजाला भारतासाठी ही माणसे सुचवली. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले, त्यामागे त्या विद्यार्थ्यांच्या खोलीतली मैत्री आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, मरीयामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, सात जणांनी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरच्या चॅपेलमध्ये एकत्र शपथ घेतली. त्यांच्यात धर्मगुरू एकटे फेबर होते. मिस्सा त्यांनीच अर्पण केला. १५३५ साली मास्टर ऑफ आर्ट्सचे पदवीपत्र हाती आले तेव्हा आपले विद्यार्थी, आता इग्नेशियस या नावाने, चव्वेचाळीस वर्षांचे होते. २४ जून १५३७ रोजी व्हेनिसमध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पहिल्या मिस्सासाठी मात्र ते दीड वर्ष थांबले आणि १५३८ च्या नाताळात रोममध्ये त्यांनी तो अर्पण केला.

नको असलेले पद

जेरुसलेमला जायची त्यांची आस अजून होतीच. पण युद्धामुळे व्हेनिसहून जहाज मिळाले नाही. तेव्हा सर्वांनी स्वतःला पोप महोदयांच्या स्वाधीन केले. आता निरनिराळ्या ठिकाणी पांगावे लागणार होते. मग एकत्र राहायचे की नाही, आणि आपल्यापैकी एकाच्या आज्ञेत राहायचे की नाही, हे प्रश्न उभे राहिले.

१५३९ च्या प्रायश्चित्तकाळात त्यांनी ज्या रीतीने यावर विचार केला, ती आपल्या चर्चमधल्या समित्यांनी जरूर अभ्यासावी. दिवसभर प्रत्येकाने आपले काम करायचे आणि संध्याकाळी एकत्र यायचे. प्रत्येकाने स्वतंत्र प्रार्थना करायची, एकमेकांना आपल्या बाजूला वळवायचे नाही. आज्ञापालनाच्या प्रश्नावर एके दिवशी प्रत्येकाने फक्त विरोधातली कारणे मांडायची आणि दुसऱ्या दिवशी फक्त बाजूची. त्यामुळे आपलेच म्हणणे धरून बसायला कोणाला वावच राहिला नाही. इग्नेशियस वयाने सर्वांत मोठे होते, तरी त्यांनी आपला निर्णय लादला नाही. शेवटी सर्वांचे एकमत झाले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप पॉल तिसरे यांनी येशूसंघाला मान्यता दिली.

एप्रिल १५४१ मध्ये प्रमुखाची निवड झाली. दूर गेलेल्यांची मते लेखी आली होती. मते उघडली तेव्हा सर्वांनी इग्नेशियस यांचे नाव दिले होते. त्यांनी स्वतः मात्र, आपल्याला सोडून ज्याला सर्वांत जास्त मते मिळतील त्याला आपले मत, असे लिहिले होते. त्यांनी पद नाकारले. ज्याला स्वतःला नीट चालवता येत नाही त्याने दुसऱ्यांना काय चालवायचे, अशी त्यांची भावना होती. चार दिवस प्रार्थना करून पुन्हा मतदान करा, अशी त्यांनी विनंती केली. पुन्हा तोच निकाल लागला. त्यांनी पुन्हा नकार दिला.

मग ते सान पिएत्रो इन मोन्तोरिओ येथील एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंकडे गेले. तीन दिवस त्यांनी आपल्या साऱ्या आयुष्याचे पापनिवेदन केले, आपल्या उणिवा त्यांच्यापुढे मांडल्या आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. नकार देणे म्हणजे पवित्र आत्म्याला विरोध करणे ठरेल, असे त्या धर्मगुरूंनी सांगितले. १९ एप्रिल १५४१ रोजी इग्नेशियस यांनी पद स्वीकारले. त्यानंतर त्यांनी पहिल्यांदा काय केले? ते स्वयंपाकघरात कामाला लागले आणि लहान मुलांना धर्मशिक्षण देऊ लागले.

मनरेसातली शंका आणि ही शंका ताडून पाहा. तेव्हा ते त्याच त्या विचारांत एकटे गोल गोल फिरत राहिले. आता त्यांनी शंका जाणत्या माणसापुढे ठेवली, तिला तीन दिवसांची मुदत दिली आणि मिळालेले उत्तर मानले. आपण लायक नाही असे त्यांना तेव्हाही वाटले आणि आताही. फक्त ते वाटणे हा शेवटचा शब्द नव्हे, हे त्यांना आता कळले होते.

पत्रांनी बांधलेला संघ

पुढची पंधरा वर्षे ते बहुतेक रोममध्येच राहिले. सोबती मात्र पोर्तुगाल, जर्मनी, भारत, जपान आणि ब्राझील येथे पांगले होते. त्यांना त्यांनी पत्रांनी बांधून ठेवले. त्यांच्या नावाची सुमारे सात हजार पत्रे आज जतन झाली आहेत. १५४७ पासून हुआन दे पोलांको हे त्यांचे चिटणीस झाले आणि पत्रव्यवहाराला शिस्त आली. इतरांना वाचून दाखवता येईल असा मजकूर मुख्य पत्रात लिहावा आणि खाजगी गोष्टी वेगळ्या कागदावर लिहाव्यात, असा त्यांचा नियम होता. लाडक्या फेबर यांचीही या बाबतीत त्यांनी कानउघाडणी केली. मुख्य पत्र आपण स्वतः दोनदा लिहितो, हेही त्यांना कळवले.

१५४६ साली त्यांचे सोबती ट्रेंटच्या धर्मपरिषदेला गेले. तिथे मोठमोठे विद्वान जमणार होते. इग्नेशियस यांनी त्यांना दिलेल्या सूचना अगदी साध्या होत्या. बोलण्याची घाई करू नये, दुसऱ्याचे शांतपणे ऐकून घ्यावे, इस्पितळात जाऊन आजाऱ्यांची सेवा करावी, मुलांना शिकवावे आणि रोज रात्री एकत्र बसून दिवसभरात काय चुकले ते एकमेकांना सांगावे.

संघाची नियमावली लिहितानाही माणूस, ठिकाण आणि काळ पाहून निर्णय घ्यायला त्यांनी जागोजागी मोकळीक ठेवली. कठोर व्हायची वेळ आली तेव्हा ते कठोरही झाले. मोंमार्त्रच्या सात जणांपैकी सिमाव रॉड्रिग्ज यांच्या हाताखाली पोर्तुगालात कारभार बिघडला, तेव्हा त्यांना त्या जागेवरून दूर केले. पण त्यांना टाकून दिले नाही. रॉड्रिग्ज शेवटपर्यंत संघातच राहिले.

फ्रान्सिस झेवियर आपल्या सोबत्यांच्या पत्रांवरच्या सह्या कापून गळ्यातल्या डबीत जवळ बाळगत. २८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी त्यांना युरोपला परत बोलावणारे पत्र लिहिले. पण ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर फ्रान्सिस यांनी देह ठेवला होता. बातमी रोमला पोहोचली नव्हती. ज्याच्या येण्याची वाट पाहायची तो केव्हाच गेलेला होता. अशा अंतरावरून माणसे सांभाळायची म्हणजे त्यांच्यावर विश्वास टाकण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

आणि स्वतःविषयीची शंका? ती कायमची गेली नाही. १५५१ च्या जानेवारीत त्यांनी सोबत्यांना लेखी विनंती केली, की आपल्या हातून हे काम नीट होत नाही, तेव्हा आपल्याला मोकळे करावे. आंद्रेस दे ओव्हिएदो हे एकटेच म्हणाले, की ते म्हणतात तर तसे असेल. बाकी सर्वांनी विनंती नाकारली. इग्नेशियस पुन्हा कामाला लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रोममध्ये त्यांनी व्याकरण आणि धर्मशिक्षण फुकट देणारी शाळा उघडली. तेच पुढचे प्रसिद्ध रोमन कॉलेज. स्वतः तेहतिसाव्या वर्षी फुकट शिकलेल्या माणसाने आता इतरांच्या मुलांसाठी बाके मांडली.

शेवट आणि आपण

जुलै १५५६ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. ३० तारखेला त्यांनी पोलांको यांना पोप महोदयांचा आशीर्वाद आणायला सांगितले. त्या दिवशी स्पेनची टपाल निघायची होती. दुसऱ्या दिवशी गेलो तर चालेल का, असे पोलांकोंनी विचारले. इग्नेशियस यांनी आग्रह धरला नाही. ३१ जुलैच्या पहाटे ते गेले. ज्यांनी आयुष्याची पंधरा वर्षे पत्रांसाठी वेचली, त्यांची शेवटची रात्रही पत्रांपायी अशी गेली. त्या वेळी संघात सुमारे एक हजार माणसे होती आणि तीसहून अधिक महाविद्यालये उभी राहिली होती. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना आणि फ्रान्सिस झेवियर यांना एकाच दिवशी संत म्हणून घोषित करण्यात आले.

याच संघातले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले, मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. परकी भाषा मुळापासून शिकायला बसायचे, लाजायचे नाही, हा धडा त्यांच्या संस्थापकाने बार्सिलोनातल्या बाकावर घालून दिला होता.

आपल्यालाही कधी नवे काम शिकावे लागेल, कधी चार माणसांना बरोबर घेऊन जावे लागेल. तेव्हा आपल्याला जमणार नाही, हा विचार हमखास येईल. तो आला म्हणून घाबरू नये आणि तो नम्रता आहे असे समजून त्याच्यापुढे मानही तुकवू नये. तो आपल्याला कुठे नेत आहे ते पाहावे. जाणत्या माणसाला सांगावे. तो म्हणेल ते ऐकावे. आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची असेल तर करावी, शेजारी बसलेली मुले वयाने कितीही लहान असोत.

येत्या काही दिवसांत आपल्या चर्चमध्ये कोणी आपल्याकडे जबाबदारी घेऊन आले, तर लगेच नाही म्हणण्यापूर्वी आपण एक दिवस मागून घेऊ या. त्या दिवशी संत इग्नेशियस यांची आठवण करू या आणि प्रार्थना करून मग उत्तर देऊ या.